स्कॅनर दिसतो, पण हाती लागत नाही

आजीची पोस्टकार्डं स्कॅन करायला बसलो, तर लिनक्स या संगणक-प्रणालीवरचं सॉफ्टवेअर म्हणालं, स्कॅनर सापडला नाही. केबल तपासली, नीट होती. यूएसबीने जोडलेली उपकरणं दाखवणारी ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली, तर यादीत स्कॅनरचं नाव लख्ख! शेवटी ‘सुडो’ लावून, म्हणजे सर्वाधिकारी रूटच्या नावाने ‘स्कॅनइमेज’ ही स्कॅन करणारी आज्ञा चालवली आणि काचेखालचा दिवा सरकू लागला. म्हणजे स्कॅनर धडधाकट होता, ड्रायव्हरही ठीक होता. अडलं होतं ते परवानगीवर.

लिनक्समध्ये जोडलेलं यूएसबी उपकरण ‘डेव्ह’ फोल्डरच्या आत एका फाइलच्या रूपात उभं राहतं. त्या फाइलवर परवानगीचा आकडा माझ्याकडे होता 664. यात 4 म्हणजे वाचणं, 2 म्हणजे लिहिणं. मालक रूट आणि त्याचा गट यांना दोन्ही (6), बाकीच्यांना नुसतं वाचणं. मी त्या बाकीच्यांत. आता स्कॅनरकडून चित्र वाचूनच तर घ्यायचं, मग लिहिण्याचा हक्क कशाला? कारण दिवा लाव, पट्टी सरकव, 300 डीपीआय इतका बारकावा ठेव, हे स्कॅनरला आधी सांगावं लागतं, आणि सांगणं म्हणजे त्या फाइलीत लिहिणं.

बरेच जण इथे ‘सीएचमॉड 666’ करून, म्हणजे सगळ्यांनाच वाचण्या-लिहिण्याची परवानगी देऊन मोकळे होतात. काम होतं, पण केबल काढेपर्यंतच. उपकरण काढलं की ती फाइल जाते. पुन्हा जोडलं की नव्या क्रमांकाची नवी फाइल तयार होते, जुन्याच 664 सह. म्हणून दुरुस्ती ‘यूडेव्ह’ या लिनक्सच्या उपकरण-व्यवस्थापकाकडे करायची, कारण फाइल कोणाच्या हाती द्यायची हे तोच ठरवतो. ‘एलएसयूएसबी’ने दाखवलेले निर्मात्याचे आणि मॉडेलचे चार-चार अक्षरी क्रमांक यूडेव्हच्या नियमात लिहून फाइलचा गट ‘स्कॅनर’ करायचा, स्वतःला त्या गटात घालायचं आणि लॉगआउट करून परत यायचं. ही शेवटची पायरी विसरू नका. गटाची नोंद लॉगिनच्या वेळीच वाचली जाते.

‘सेन’ या स्कॅनर-प्रणालीसोबत ओळखीच्या मॉडेलांचे नियम तयार येतात. त्यात मला मनापासून आवडलेली एक सोय आहे: ‘यूअॅक्सेस’ ही खूण असली, की संगणकासमोर प्रत्यक्ष बसलेल्या माणसाला वाचण्या-लिहिण्याचा हक्क आपोआप मिळतो. परवानगीच्या अक्षरांपुढे मग छोटंसं अधिकचिन्ह दिसतं. दुरून ‘एसएसएच’ने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून आलेल्याला मात्र हा हक्क मिळत नाही. ही खूण स्वतःच्या नियमात वापरणार असाल, तर त्याच्या फाइलचं नाव 73 पेक्षा लहान आकड्याने सुरू करा. हक्क वाटण्याचं काम 73 क्रमांकाच्या फाइलीत होतं. त्यानंतर लावलेली खूण कोणी वाचत नाही.