स्लायडरला हात लावण्याआधी : आलेखाच्या सॉफ्टवेअरने गणित शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी

सॉफ्टवेअर बसवून देणं आणि शिक्षकांना ते वर्गात वापरायला शिकवणं, अशी दोन कामं आम्ही करतो. पहिलं काम लवकर उरकतं. दुसऱ्याला वेळ लागतो आणि वर्गातला फरक त्यानेच पडतो, म्हणून हे पत्रक बहुतेक दुसऱ्याबद्दलच आहे.

प्रशिक्षणात आम्ही मुख्यतः जिओजेब्रा आणि डेस्मॉस वापरतो. जिओजेब्राची सुरुवात २००१ मध्ये मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात केली. जॉमेट्री आणि अल्जिब्रा या दोन शब्दांच्या जोडीतून त्याचं नाव तयार झालं, आणि त्याचं कामही तसंच चालतं. समीकरण बदललं की आकृती बदलते, आकृती ओढली की समीकरण बदलतं. डेस्मॉस २०११ मध्ये आलं. ते ब्राउझरमध्ये लगेच उघडतं आणि नवख्या शिक्षकाचाही त्यावर पटकन हात बसतो. वर्गात शिकवण्यासाठी दोन्ही मोफत वापरता येतात, त्यामुळे तुम्ही आम्हाला शुल्क देता ते प्रशिक्षणाचं. इंटरनेटचा भरवसा नसेल तर जिओजेब्रा संगणकावर उतरवून ठेवा.

आधी वही, मग पडदा

आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. स्लायडर, म्हणजे पडद्यावर सरकवून आकडा बदलायची पट्टी, सरकवण्याआधी काय होईल ते मुलांनी वहीत काढलं पाहिजे. नुसता हलता आलेख पाहून मुलं खूश होतात, पण तास संपल्यावर हाती काही उरत नाही. स्वतःचा अंदाज वहीत काढलेला असला, की तो चुकल्यावर मूल "असं का?" हे आपणहून विचारतं.

वर्गबहुपदीचंच घ्या. एक्सच्या वर्गाचा सहगुणक ए, एक्सचा सहगुणक बी आणि स्थिरपद सी, असे तीन स्लायडर करा. सी वाढवला की पॅराबोला, म्हणजे या बहुपदीचा वक्र, वर जातो. हे सगळ्यांना आधीच सांगता येतं, तिथे रेंगाळू नका. ए मात्र हळू सरकवा. तो शून्याकडे येताना वक्र पसरट होत जातो, बरोबर शून्यावर त्याची सरळ रेषा होते आणि पलीकडे गेला की तोंड खाली. 'ए शून्य नसावा' ही अट मुलं वर्षभर पाठ म्हणत असतात. ती कशासाठी आहे, हे त्या क्षणी डोळ्यांना दिसतं.

आता बी. ए एक ठेवा, सी शून्य ठेवा आणि विचारा, "बी बदलला तर काय होईल?" बहुतेक मुलं आडवा बाण काढतात, म्हणजे आलेख डावी-उजवीकडे सरकेल. मग स्लायडर हलवा. वक्राचा आकार तोच राहतो, तो बाजूला जातो खरा, पण सोबत खालीही उतरतो. बी धन करा नाहीतर ऋण करा, दोन्हीकडे खालीच. शिरोबिंदूचा, म्हणजे वक्र जिथे वळतो त्या टोकाचा, माग चालू केलात, तर त्याच्या वाटेचा एक उलटा पॅराबोला उमटतो, मूळच्याच रुंदीचा. इथे प्रोजेक्टर बंद करून फळ्याकडे वळा. शिरोबिंदूचा एक्स म्हणजे उणे बी भागिले दोन ए. त्यातून बी काढून मूळ समीकरणात घाला, की वाय बरोबर सी उणे ए गुणिले एक्सचा वर्ग मिळतं, म्हणजे तोच उलटा पॅराबोला. पडदा फक्त काय घडतं ते दाखवतो. का घडतं ते फळ्यावरच सुटतं, आणि या दोन्हींना पुरेल एवढा वेळ तासात राखून ठेवा.

पडदा फसवतो तेव्हा

आम्हाला येणाऱ्या शंकांपैकी काही सॉफ्टवेअर बिघडल्याच्या वाटतात, पण तसं काही नसतं. साइन ३० चं उत्तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ आलं, तर कोनाचं एकक रेडियन आहे, ते अंश करा. उलट, अंश निवडून साइनचा आलेख काढला तर तो एक्स-अक्षाला चिकटल्यासारखा सपाट दिसतो. वर्तुळ लंबगोल दिसत असेल किंवा लंब रेषा तिरक्या वाटत असतील, तर दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं करून घ्या.

एक फसगत मात्र मुद्दाम करावी अशी आहे. एक्सचा वर्ग आणि दोनचा एक्सवा घात, हे दोन आलेख एकत्र काढा आणि दोन्ही अक्ष उणे १० ते १० ठेवा. ते कुठे छेदतात हे विचारलं, की मनातल्या मनात मुलांना २ आणि ४ ही उत्तरं सापडतात. पडद्यावर छेदबिंदू दोनच दिसतात, पण एक २ वर आणि दुसरा उणे ०.७७ च्या आसपास! चार कुठे गेला? तिथे वाय १६ असतो, म्हणजे खिडकीच्या वर. झूम आउट केलं की तो दिसतो. मुलांच्या उत्तरात एक कमी होतं आणि पडद्यावरही एकच कमी, पण दोघांचं हरवलेलं उत्तर वेगळं. आमच्या मते या एका उदाहरणासाठी अख्खा तास द्यावा.

भूमितीसाठी छोटी कसोटी : मुलाने काढलेल्या चौरसाचा एक शिरोबिंदू ओढा. नुसत्या अंदाजाने काढलेला चौरस मोडतो. लंब आणि वर्तुळं वापरून रचलेला लहान-मोठा होतो, फिरतो, पण चौरसच राहतो. कितीही ओढून टिकला तरी ती सिद्धता नव्हे, एवढं मुलांना त्याच वेळी सांगा.

एकच संगणक आणि एकच प्रोजेक्टर असेल तरी हे सगळं जमतं. माउस मात्र शिक्षकाने स्वतःकडे ठेवू नये. एका मुलाने सरकवावं, बाकीच्यांनी त्याला आधी अंदाज सांगावेत.

काही अडलं तर पडद्याचा फोटो न पाठवता मूळ फाइल पाठवा. बिंदू मोकळा आहे की रेषेला बांधलेला, हे तो ओढून पाहिल्याशिवाय आम्हाला कळत नाही.