तीन मजले दगड, चार मजले लाकूड

इंदूरच्या राजवाड्यासमोर उभं राहून मजले मोजले की सात भरतात. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. वर चढवलेलं प्रत्येक ओझं खालच्यांनाच पेलावं लागतं, हे गणित त्या इमारतीत उघड दिसतं.

हा वाडा ज्यांचा, त्या होळकर घराण्यातल्या यशवंतराव दुसऱ्यांना मोटारींचं भारी वेड. 1935 च्या सुमारास त्यांच्या ड्यूझनबर्ग या अमेरिकन मोटारीवर लंडनच्या गर्नी नटिंग या बॉडी बनवणाऱ्या कंपनीने नारिंगी-काळी, दोघांपुरती बॉडी चढवली. त्या काळी अशा बॉडीचा सांगाडा बहुधा ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचा असे आणि त्यावर पत्रा बसवलेला. चकाकत्या रंगाखाली सुतारकामच! इंग्लंडची मॉर्गन कंपनी आजही ॲशचा सांगाडा वापरते. (मॉर्गनची चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा मूळ सांगाडा, तोसुद्धा लाकडी असतो ही लोणकढी थाप. चॅसी धातूची, लाकूड फक्त बॉडीत.)

पण पोलाद सोडून लाकूड कशाला? आडव्या फळीची जाडी दुप्पट केली तर तिचा ताठपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. म्हणजे ताठपणा हवा असेल तर जाडी वाढवणं सगळ्यात स्वस्त पडतं, फक्त त्या जाडीचं वजन परवडायला हवं. 1 मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचं वजन चौरस मीटरला सुमारे 7.85 किलो. वाकवताना तेवढाच ताठ राहणारा बर्च झाडाच्या लाकडाचा प्लाय जवळपास 3 मिलिमीटर जाड लागतो, पण भरतो जेमतेम 2 किलो. शिवाय पातळ पत्रा दाबला की खळगा पडतो, जाड प्लाय सहसा तसा हार मानत नाही. रेसच्या गाडीत हे वाचलेले किलो तीनदा कामी येतात: वेग घेताना, ब्रेक मारताना आणि वळताना.

लाकडाची खोड एकच, ते तंतूंच्या दिशेने बळकट आणि आडवं कमजोर. म्हणून प्लायमध्ये पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवतात. याचा सगळ्यात धाडसी वापर विमानात झाला. 1940 मध्ये पहिल्यांदा उडालेल्या, डी हॅविलंड या ब्रिटिश कंपनीच्या मॉस्किटो विमानाच्या धडात बर्च प्लायच्या दोन थरांमध्ये बाल्सा नावाचं लाकूड भरलेलं होतं. बाल्सा इतकं हलकं की बोटाने दाबलं तरी खड्डा पडावा, पण दोन प्लाय एकमेकांपासून दूर धरून ठेवायचं काम ते चोख करतं. जाडी वाढते, वजन नाही. ही विमानं बनवायला फर्निचरचे कारागीर कामाला लागले होते.

डी हॅविलंडमध्ये काम केलेल्या फ्रँक कॉस्टिनने हीच विद्या रस्त्यावर आणली. जेम मार्श आणि कॉस्टिन या दोन आडनावांतून ‘मार्कोस’ हे त्यांच्या मोटार कंपनीचं नाव झालं. 1959 च्या त्यांच्या पहिल्या गाडीची चॅसीच प्लायची होती. वेगळा सांगाडा आणि त्यावर कातडं असा प्रकार नाही. चिकटवलेली पेटीच सगळा ताण घेणार.

आता आपल्याकडचा प्रश्न: पावसाळा. आषाढात दार फुगून चौकटीत अडकतं, हे इंदूरच्या जुन्या घरांत कोणाला नवीन नाही. लाकडाचे तंतू दमट हवेतून पाणी पितात आणि रुंदीत फुगतात, लांबीत जवळजवळ नाही. प्लायमध्ये शेजारचा आडवा थर हे फुगणं धरून ठेवतो. त्यामुळे खरी परीक्षा लाकडाची कमी, गोंदाची जास्त. सुरुवातीच्या मॉस्किटोमध्ये दुधातल्या केसीनचा गोंद होता. दमट, उष्ण हवेत तो बुरशीला बळी पडतो, म्हणून पुढे फॉर्माल्डिहाइडवर आधारलेले गोंद आले. आजच्या इपॉक्सीने ही डोकेदुखी बरीच कमी केली आहे, पण रंगाला तडा गेला आणि पाणी आत मुरलं तर इपॉक्सीही वाचवत नाही.

मग शोरूममध्ये अशा गाड्या का नाहीत? माझ्या मते दोष लाकडाचा नाही, घड्याळाचा आहे. पोलादाचा पत्रा दाबयंत्राखाली काही सेकंदांत आकार घेतो. प्लायला साच्यात दाबून गोंद सुकेपर्यंत थांबावं लागतं. शिवाय एका फळीत गाठ, दुसरीत नाही, त्यामुळे टक्कर झाल्यावर कोणता भाग कुठे तुटेल हे धातूइतकं नेमकं सांगता येत नाही. 1969 मध्ये मार्कोसनेही प्लाय सोडून पोलादी चॅसी घेतली.