वाफ्याला मायक्रो स्प्रे लागतो, फॉगर नव्हे

घरच्या बागेसाठी नाशिकमधला माणूस दुकानात जाऊन ‘बारीक फवारे द्या’ असे सांगतो आणि बऱ्याचदा जमीन भिजवणाऱ्या मायक्रो स्प्रेऐवजी धुके करणारा फॉगर घेऊन घरी येतो. दोन्ही वस्तू प्लॅस्टिकच्या, बोटाच्या पेराएवढ्या आणि बारीक नळीवर बसणाऱ्या. दोन्हींच्या पाकिटावर ताशी तीसेक लिटरचा आकडा छापलेला असू शकतो. गोंधळ होणे स्वाभाविक आहे, पण त्यापायी दर उन्हाळ्यात चांगले वाफे करपताना पाहवत नाहीत.

फॉगर आपल्याकडे नवा नाही. मोहाडी-जानोरीकडच्या गुलाबांच्या पॉलिहाऊसमध्ये किंवा रोपवाटिकेच्या शेडनेटखाली तो हवा थंड आणि दमट ठेवतो, हे ठाऊक असलेल्या वाचकाला त्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

खरी मेख आहे ती थेंबाच्या आकारात आणि त्यामागच्या दाबात. फॉगरचा थेंब साधारण १०० मायक्रॉनच्या आसपासचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीइतका असतो आणि तो हवेतच विरावा म्हणून तसा घडवलेला असतो. मायक्रो स्प्रेचा थेंब त्याहून बराच मोठा, जमिनीवर पडून मुरणारा. त्यामुळे लिटरचा आकडा सारखा असला, तरी एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात फॉगरचे बरेचसे पाणी मातीपर्यंत पोहोचत नाही, आणि जे खाली येते त्यातले बहुतेक पानांवरच बसते. पाने तासन्‌तास ओली राहिली की काय होते, हे डाऊनी या बुरशीजन्य रोगाने हैराण होणाऱ्या द्राक्षबागायतदारांच्या जिल्ह्यात वेगळे सांगायला नको. गुलाबावरचे काळे ठिपकेही त्याच ओलाव्यावर पोसतात.

दाबाचा हिशेब तर लोक करतच नाहीत. फॉगरला चांगले धुके करण्यासाठी दर चौरस सेंटीमीटरला ४ किलोच्या आसपास दाब लागतो, स्प्रेला १ ते २ किलो पुरतो. गच्चीवरच्या टाकीतून दर १० मीटर उंचीला १ किलो दाब मिळतो, म्हणजे दुमजली घराची टाकी फार तर ०.७ ते ०.८ किलो देते. एवढ्यावर स्प्रेचा घेर थोडा आखडतो, पण काम होते. फॉगर मात्र धुके न करता नुसता ठिबकत राहतो. आमच्या शेजारच्या मावशींनी तो तुंबला असे समजून प्रत्येक तोंडात टाचणी फिरवली. छिद्रे रुंदावली आणि त्यानंतर पंप लावूनही धुके आले नाही. नोझल, म्हणजे फवाऱ्याचे तोंड, मुळात निर्दोष होते, फक्त चुकीच्या जागी बसवलेले होते.

शंका असेल तर स्टीलच्या चार सरळ कडांच्या वाट्या वाफ्यात ठेवून पंधरा मिनिटे पाणी सोडावे. ताशी ३६ लिटरचा स्प्रे १.२ मीटर त्रिज्येत, म्हणजे सुमारे साडेचार चौरस मीटरवर पडत असेल, तर तासाला ८ मिलिमीटर आणि पंधरा मिनिटांत सरासरी २ मिलिमीटर पाणी जमायला हवे. फॉगरखाली वाटीच्या कडा नुसत्या घामेजतात. खुरपीने माती उकरली की वरचा पापुद्रा काळा आणि खाली कोरडी ढेकळे दिसतात.

किंमत, रंग, स्टेकची (नोझल उभे धरणाऱ्या काठीची) उंची हे मुद्दे गौण आहेत. फिरता की स्थिर, या वादात मी अरुंद वाफ्यासाठी निःसंशय स्थिर स्प्रेच्या बाजूने आहे, कारण त्यात अडकणारा, झिजणारा भाग नसतो. भिंतीलगत अर्धवर्तुळाचाच घ्यावा. पूर्ण वर्तुळाचा बसवून भिंत भिजवत राहणे मला अजिबात पटत नाही. पाणी पहाटे द्यावे, कारण तेव्हा वारा पडलेला असतो आणि पाने उन्हाबरोबर लवकर सुकतात.

देखभालीत टाचणी पूर्णपणे वर्ज्य. नळीच्या सुरुवातीला १२० मेशचा (इंचाला १२० छिद्रांच्या जाळीचा) फिल्टर बसवावा आणि त्याची जाळी आठवड्याला धुवावी. बोअरचे पाणी असेल तर नोझलवर पांढरा क्षार धरतो. असे नोझल काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवावे आणि मऊ टूथब्रशने घासावे. नोझल पुन्हा बसवण्याआधी १६ मिलिमीटरच्या नळीच्या टोकाची एंड कॅप काढून पाणी सोडावे. आधी तपकिरी गाळ येतो, मग पाणी स्वच्छ होते. तसे झाल्यावरच कॅप लावावी, नाहीतर तोच गाळ धुतलेल्या नोझलमध्ये जाऊन बसतो.