रिसेट की कोरं विंडोज? दुरुस्तीवरून आलेल्या लॅपटॉपचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात माझ्या बहिणीच्या लॅपटॉपवर चहा सांडला. दुकानातून तीन दिवसांनी तो नवा कीबोर्ड बसवून आला आणि वर दुकानदार म्हणाला, "मॅडम, स्लो चालत होता, म्हणून विंडोज पण फ्रेश मारून दिलंय." घरी आल्यावर तिचा फोन: "दादा, हे तसंच ठेवू की परत फॉरमॅट मारू?" मी कामात होतो. काही न विचारता सांगून टाकलं, रिसेट कर. तो सल्ला चुकीचा होता, आणि त्यात तिचा अख्खा रविवार गेला.

'फॉरमॅट मारणे' असं म्हणताना आपण दोन वेगळी कामं एकाच नावाने ओळखतो. रिसेट हे विंडोजच्या आतूनच होतं: सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी आणि तिथे 'रिसेट धिस पीसी'. फाइल्स ठेवायच्या की सगळं पुसायचं, एवढं ते विचारतं. (फाइल्स ठेवल्या तरी तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम जातातच.) पुढे 'लोकल रीइन्स्टॉल' निवडलं तर डिस्कवर आधीपासून असलेल्या फाइल्समधूनच विंडोज स्वतःला पुन्हा उभं करतं. 'क्लाउड डाउनलोड' निवडलं तर साधारण 4 जीबीची ताजी प्रत मायक्रोसॉफ्टकडून येते. पण दोन्हीकडे एडिशन (होम, प्रो असा विंडोजचा प्रकार) जुनीच राहते.

दुसरं काम क्लीन इन्स्टॉल, म्हणजे कोरं विंडोज टाकणं. ते बाहेरून होतं. भरवशाच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवायचं, त्याने किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह बूटेबल (म्हणजे कॉम्प्युटर त्यावरून सुरू होईल असा) करायचा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा. डिस्कवरच्या विंडोजला यात कुणी काही विचारत नाही.

बहिणीच्या लॅपटॉपवर हाच फरक नडला. रिसेट पूर्ण झालं आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' उमटलं. लॅपटॉप विकत घेताना त्यात विंडोज 11 होम होतं. आता 'अबाउट'मध्ये प्रो लिहिलेलं होतं. दुकानदाराने प्रो टाकून ते अ‍ॅक्टिव्हेटरने, म्हणजे लायसन्स नसताना विंडोज चालू करून देणाऱ्या प्रोग्रॅमने, चालू केलं होतं. रिसेटने अ‍ॅक्टिव्हेटर पुसला गेला, प्रो मात्र तसंच राहिलं. विकत घेतलेल्या होमची लायसन्स की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डावरच्याच चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये) होतीच, पण होमची की प्रोला चालत नाही.

मग पेनड्राइव्ह लावला. डिस्क निवडायच्या पडद्यावर पार्टिशनची (डिस्कच्या भागांची) यादी येते: 100 एमबीचं सिस्टीम, त्याखाली 16 एमबीचं, मग मोठं सी, मग डी, शेवटी रिकव्हरी. इथे घाई करू नका. बहिणीचे फोटो डी ड्राइव्हमध्ये होते, म्हणून ते आधी बाहेरच्या डिस्कवर घेतले. नंतर एकेक पार्टिशन उडवलं आणि फक्त 'अनअ‍ॅलोकेटेड स्पेस' उरल्यावर पुढे गेलो. एडिशन कोणती, हे इन्स्टॉलरने विचारलंच नाही. फर्मवेअरमधली की वाचून त्याने होम टाकलं आणि इंटरनेट जोडताच ते अ‍ॅक्टिव्हेट झालं.

म्हणून दुकानातून विंडोज टाकून आलं असेल तर आधी एडिशन बघा. मग विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून एस-एल-एम-जी-आर, एक जागा, तिरकी रेघ (/), एक्स-पी-आर असं टाइप करा. संपण्याची तारीख दिसली तर ते बहुधा केएमएस अ‍ॅक्टिव्हेशन आहे: कंपन्या-कॉलेजांसाठीची, 180 दिवसांची सोय. घरच्या लॅपटॉपवर तिचं काही काम नाही. अशा वेळी रिसेटवर भागवू नका, सरळ क्लीन इन्स्टॉल करा. परक्या माणसाने काय काय टाकलंय ते शोधत बसण्यापेक्षा दोन तास घालवलेले बरे, असं माझं ठाम मत आहे.

दुकानदाराने विंडोजला हातच लावला नसेल, तर स्क्रीन, बॅटरी, बिजागरी, रॅम यांतलं काहीही बदललेलं असो, दोन्हीची गरज नाही. तुमचंच विंडोज अडखळत असेल तर रिसेट पुरतं. नवी कोरी एसएसडी बसवली असेल तर रिसेट करायला तिच्यात काही नसतंच. जुनीचं क्लोन (हुबेहूब प्रत) करा, नाहीतर क्लीन इन्स्टॉल. इन्स्टॉलरला एसएसडी दिसलीच नाही तर घाबरू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपना स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवर मिळतो.

मदरबोर्ड बदलला की मात्र लोक हमखास चुकतात. लॅपटॉप सुरू करताच बऱ्याचदा निळा पडदा येतो आणि बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) 48 अंकी रिकव्हरी की मागतो. विंडोज बिघडलं असं समजून तिथेच सगळं पुसलं जातं, डेटासकट. बिघडलेलं काहीच नसतं. डिस्कचं कुलूप जुन्या बोर्डावरच्या टीपीएम चिपशी (कुलपाची किल्ली सांभाळणाऱ्या चिपशी) बांधलेलं होतं, ती चिप बोर्डाबरोबर गेली, एवढंच. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडा, उपकरणांच्या यादीत ती की बहुतेक वेळा सापडते. ती टाकली की जुनं विंडोज फाइल्ससकट उघडतं. त्यानंतर अ‍ॅक्टिव्हेशन गेलेलं दिसलं तर ट्रबलशूटरमध्ये 'नुकतंच हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडून बघा. की सापडेपर्यंत रिसेटलाही हात लावू नका आणि पेनड्राइव्हलाही.