राखीव सामन्यांतली उमेद : एका जुन्या तक्रारीची पार्श्वभूमी

व्यावसायिक फुटबॉल क्लबांच्या राखीव संघांचा, म्हणजे पहिल्या संघात जागा न मिळालेल्या खेळाडूंच्या संघांचा, विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. तरुण खेळाडू या सामन्यांत जीव ओतून खेळत नाहीत, चेंडू गमावल्यावर तो परत मिळवायला धावत नाहीत आणि मैदानाबाहेर बोलावले की मान खाली घालून थेट ड्रेसिंग रूमकडे चालू लागतात, असे प्रशिक्षक सांगतात. दोष बहुतेक वेळा मुलांच्या स्वभावाला, लहान वयात हाती आलेल्या पैशाला किंवा सबंध पिढीलाच दिला जातो. राखीव फुटबॉलचा इतिहास पाहिल्यावर मात्र ही कारणमीमांसा अपुरी वाटते. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत खेळाडूंचे मन किती बदलले हे कुणी मोजलेले नाही, पण ज्या सामन्यात त्यांनी मन लावावे अशी अपेक्षा आहे, तो सामना मात्र मुळापासून बदलला आहे. हा बदल इंग्लंडमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो, म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागते.

इंग्लंडच्या उत्तर आणि मध्य भागातील क्लबांच्या राखीव संघांसाठी १९११ मध्ये सेंट्रल लीग सुरू झाली. दक्षिणेत १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, लंडन कॉम्बिनेशन ही स्पर्धा उभी राहिली. युद्धानंतर ती दक्षिणेकडील क्लबांच्या राखीव संघांची स्पर्धा बनली आणि १९३९ पासून फुटबॉल कॉम्बिनेशन या नावाने ओळखली जाऊ लागली. या स्पर्धांची गरज अगदी साधी होती. त्या काळी लीग सामन्यात बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता. अकरा जण मैदानात उतरत आणि एखादा जायबंदी झाला तर उरलेले दहा जण सामना पूर्ण करत. म्हणजे क्लबच्या पगारावर असलेल्या बाराव्या, पंधराव्या किंवा पंचविसाव्या खेळाडूला शनिवारी खेळण्यासाठी राखीव संघाशिवाय दुसरी जागाच नव्हती.

त्यामुळे राखीव संघात तरुण मुले असतच, पण तो केवळ तरुणांचा संघ नव्हता. दुखापतीतून सावरणारा आंतरराष्ट्रीय खेळाडू, सूर हरवल्याने वगळलेला आघाडीपटू, कारकीर्दीच्या उताराला लागलेला बचावपटू आणि सतरा-अठरा वर्षांचा नवखा मुलगा एकाच अकरांत असत. पहिला संघ परगावी गेला की त्याच शनिवारी घरच्या मैदानावर राखीव संघाचा सामना होई आणि नेहमीच्या प्रेक्षकांपैकी काही जण तो पाहायला येत. या मांडणीत नवख्या मुलाला उमेद बाहेरून पुरवावी लागत नसे. शेजारी उभा असलेला माणूस आदल्या आठवड्यापर्यंत पहिल्या संघात होता आणि त्याची रिकामी झालेली जागा कोण भरणार, हे बरेचदा याच नव्वद मिनिटांत ठरणार होते. समोरचा बचावपटू तिशीचा असे, त्याला आपला करार टिकवायचा असे आणि तो मुलाला मुलगा म्हणून सवलत देत नसे.

अर्थात त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. खेळाडूंच्या वेतनावर १९०१ मध्ये आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा घालण्यात आली आणि ती वेळोवेळी वाढत जाऊन १९६१ मध्ये रद्द झाली, तेव्हा २० पौंडांवर पोहोचली होती. या मर्यादेइतके वेतनही सर्वांना मिळत नसे. राखीव खेळाडूच्या हाती सहसा कमी पैसे पडत आणि पहिल्या संघाच्या विजयाचा बोनस त्याच्या वाट्याला येत नसे. शिवाय करार संपल्यानंतरही खेळाडूला आपल्याकडे राखून ठेवण्याचा हक्क क्लबला होता. जॉर्ज ईस्टहॅम यांनी न्यूकॅसल युनायटेडविरुद्ध दिलेल्या लढ्यानंतर १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही राखून ठेवण्याची पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावर अन्याय्य बंधन घालते असा निर्णय दिला. तोपर्यंत राखीव संघात अडकलेल्या खेळाडूला दुसरीकडे जाऊन नशीब अजमावण्याची वाट क्लबच्या मर्जीवर अवलंबून होती. तेव्हाच्या राखीव सामन्यांत जी ईर्षा दिसे, तिच्यात महत्त्वाकांक्षेबरोबर भीतीचाही अंश होता. ज्यांना आजची मुले मऊ वाटतात, त्यांनी हा अंशही हिशेबात धरला पाहिजे.

भीतीशिवायही राखीव संघात उमेद टिकवता येते, हे सर्वांत ठळकपणे दाखवले ते लिव्हरपूलने. तिथे राखीव संघ हा पहिल्या संघाचाच वर्ग मानला जाई. बॉब पेस्ली आणि जो फेगन हे दोघेही मुख्य व्यवस्थापक होण्याच्या कितीतरी आधी राखीव संघाचे काम पाहून आलेले होते. रॉय एव्हान्स यांनी १९७४ मध्ये, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, खेळणे सोडून राखीव संघाची जबाबदारी घेतली आणि पुढच्या वर्षांत त्या संघाने सेंट्रल लीग वारंवार जिंकली. पुढे तेही क्लबचे मुख्य व्यवस्थापक झाले. ज्या क्लबमध्ये राखीव संघाचा प्रशिक्षक उद्याचा मुख्य व्यवस्थापक असू शकतो, तिथे राखीव सामना कुणी दुय्यम मानत नाही. खेळण्याची पद्धत दोन्ही संघांत सारखीच ठेवलेली असल्यामुळे खालून वर गेलेल्या मुलाला नवे काही शिकावे लागत नसे.

गोलरक्षक रे क्लेमन्स १९६७ च्या उन्हाळ्यात स्कनथॉर्पहून आले आणि पहिल्या संघातून त्यांचा पहिला लीग सामना जानेवारी १९७० मध्ये झाला. मधली अडीच वर्षे प्रामुख्याने राखीव संघात गेली. पुढे ते इंग्लंडचे गोलरक्षक झाले. इयान रश यांना क्लबने १९८० मध्ये ३ लाख पौंड देऊन चेस्टरहून घेतले. एवढ्या किमतीचा किशोरवयीन खेळाडू म्हणजे त्या काळी मोठी बातमी होती, तरीही त्यांच्या पहिल्या हंगामाचा बराचसा भाग राखीव संघात गेला. त्यानंतरच्या १९८१-८२ च्या हंगामात त्यांनी सर्व स्पर्धांत मिळून ३० गोल केले. ही दोन्ही माणसे राखीव संघात असताना निराश झाली नसतील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पण वाट पाहण्याला काही अर्थ आहे, हे त्यांच्या आधी त्याच वाटेने वर गेलेल्यांकडे पाहून त्यांना कळत होते.

ही रचना मोडली ती कुणी ठरवून नव्हे. १९६५-६६ च्या हंगामात लीग सामन्यात जायबंदी खेळाडूच्या जागी एक बदली खेळाडू उतरवण्याची परवानगी मिळाली. २१ ऑगस्ट १९६५ रोजी बोल्टनविरुद्ध चार्ल्टनचे कीथ पीकॉक हे असे उतरणारे पहिले खेळाडू ठरले. १९८७ मध्ये दोन बदली खेळाडू झाले, पुढे तीन झाले. प्रीमियर लीगमध्ये २००८-०९ पासून बाकावर सात जण बसू लागले आणि २०२२-२३ पासून नऊ जण बसतात, त्यांपैकी पाच जण मैदानात उतरू शकतात. प्रत्येक वाढीबरोबर राखीव संघातून एकेक अनुभवी माणूस उचलला जाऊन पहिल्या संघाच्या बसमध्ये बसला. तो खेळेलच असे नाही, पण त्या दिवशी राखीव सामन्यासाठी तो उपलब्ध नसतो. त्यामुळे राखीव सामने शनिवारवरून आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी गेले, क्लबच्या मुख्य मैदानावरून लहान क्लबांच्या भाड्याच्या मैदानांवर किंवा सराव केंद्रांवर गेले आणि प्रेक्षक विरळ झाले. तिशीचा बचावपटू समोरून नाहीसा झाला, तसा शेजारचा अनुभवी सहकारीही नाहीसा झाला. उरली ती सारख्याच वयाची, सारख्याच अनिश्चिततेत असलेली मुले.

त्याच सुमारास तरुणांची घडणही बदलली. शिकाऊ खेळाडूंची अधिकृत पद्धत १९६० मध्ये आली. ही मुले सीनियर खेळाडूंचे बूट घासत, मैदान आणि खोल्या झाडत आणि उरलेल्या वेळात फुटबॉल शिकत. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचे तांत्रिक संचालक हॉवर्ड विल्किन्सन यांच्या १९९७ च्या आराखड्यानंतर अकादम्या उभ्या राहिल्या, प्रशिक्षण शास्त्रशुद्ध झाले, शिक्षण आणि आरोग्याकडे लक्ष जाऊ लागले. हे सर्व चांगलेच झाले. मात्र करार संपलेल्या खेळाडूला मोबदल्याशिवाय क्लब बदलण्याची मुभा देणाऱ्या १९९५ च्या बॉसमन निकालानंतर आणि दूरचित्रवाणीच्या पैशामुळे मोठ्या क्लबांना जगभरातून तयार खेळाडू आणणे सोपे झाले, आणि अकादमीतून निघालेला मुलगा व पहिला संघ यांच्यातील अंतर वाढत गेले. अठराव्या वर्षी मिळणारा पगार पूर्वीच्या पहिल्या संघाच्या खेळाडूलाही मिळाला नसता इतका मोठा झाला आणि पहिल्या संघात उतरण्याची शक्यता मात्र आक्रसली. पैशाने मुले बिघडली असे म्हणताना या वाक्याचा दुसरा अर्धा भाग नेहमी गाळला जातो.

१९९९ मध्ये प्रीमियर लीगने स्वतःची राखीव लीग काढली आणि २०१२ मध्ये ती बंद करून तिच्या जागी २१ वर्षांखालील स्पर्धा आणली. खेळाडूंच्या घडणीसाठी आखलेल्या नव्या योजनेचा तो भाग होता. या योजनेत अकादम्यांची चार श्रेणींत विभागणी झाली आणि वयाची मर्यादा ओलांडलेले थोडेच खेळाडू संघात घेता येऊ लागले. २०१६ मध्ये वयोमर्यादा २३ झाली आणि स्पर्धेला प्रीमियर लीग २ हे नाव मिळाले. २०२२ मध्ये मर्यादा पुन्हा २१ वर आली. नावे बदलली त्याबरोबर हेतूही बदलला. पूर्वी सामना जिंकण्यासाठी होता आणि त्यात मुले शिकत. आता सामना शिकण्यासाठी आहे आणि त्यात जिंकले तर उत्तम, अशी भूमिका झाली.

या भूमिकेमागे क्रीडामानसशास्त्रातील एक भक्कम विचार आहे. जॉन निकोल्स यांनी १९८० च्या दशकात यशाकडे पाहण्याचे दोन दृष्टिकोन वेगळे केले होते. एकात माणूस स्वतःच्या कालच्या कामगिरीशी तुलना करतो, दुसऱ्यात इतरांशी. पहिला दृष्टिकोन असलेले खेळाडू अपयशानंतरही टिकून राहतात असे मानले जाते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मांडणीनुसार आतून येणाऱ्या प्रेरणेला स्वायत्तता, आपण सक्षम आहोत ही जाणीव आणि इतरांशी जिव्हाळ्याचे नाते या तीन गोष्टींचा आधार लागतो. आता राखीव संघातील एकोणीस वर्षांच्या मुलाची स्थिती या तिन्ही कसोट्यांवर पाहावी. पुढच्या आठवड्यात तो कुठे खेळणार हे दुसरे कुणी ठरवणार असते. आपण सक्षम आहोत का, याचे उत्तर त्याला पहिल्या संघातच मिळू शकते आणि तिथे तो नाही. आणि शेजारचा सहकारी हाच त्याचा प्रतिस्पर्धी असतो. निकाल महत्त्वाचा नाही असे सांगून त्याच्यावरचे ओझे हलके करण्याचा हेतू प्रामाणिक होता, पण ज्या मुलाने लहानपणापासून जिंकण्यासाठीच खेळायचे शिकलेले आहे, त्याच्या कानावर ते वाक्य ‘हा सामना महत्त्वाचा नाही’ असे पडते. माझ्या मते राखीव सामन्यांतील मरगळीचे मूळ इथे आहे.

या पोकळीतून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणून लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी दुसऱ्या क्लबकडे खेळायला, जाण्याची पद्धत रुजली. डेव्हिड बेकहम १९९५ च्या सुरुवातीला मँचेस्टर युनायटेडहून प्रेस्टनला गेले, पाच लीग सामन्यांत दोन गोल करून परतले आणि काही आठवड्यांतच पहिल्या संघातून लीगमध्ये खेळू लागले. हॅरी केन यांना टॉटनहॅममध्ये जम बसण्याआधी लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच आणि लेस्टर अशा चार क्लबांकडे पाठवण्यात आले. खालच्या श्रेणीतील क्लबमध्ये बोनसवर घर चालवणारे सहकारी असतात आणि संघ खालच्या श्रेणीत घसरण्याची भीती खरी असते. जुन्या राखीव संघाने जे दिले, ते आता दुसऱ्या क्लबच्या अंगणात जाऊन मिळवावे लागते. लोनवर न गेलेल्या मुलासाठी मात्र राखीव सामना हीच आपली निवड झाली नसल्याची खूण बनते.

युरोपातील इतर देशांनी वेगळी वाट धरली. स्पेन आणि जर्मनीत क्लबांचे दुसरे संघ देशाच्या नियमित लीग रचनेतच खेळतात. रेआल माद्रिदचा दुसरा संघ कास्तिया १९८० मध्ये स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. वाटेत त्याने अथलेटिक बिल्बाओ आणि रेआल सोसिएदाद यांना बाद केले आणि अंतिम सामन्यात आपल्याच पहिल्या संघाकडून ६-१ अशी हार पत्करली. जर्मनीत १९९३ मध्ये हेर्था बर्लिनचा हौशी खेळाडूंचा संघ म्हणून ओळखला जाणारा दुसरा संघ चषकाच्या अंतिम सामन्यात बायर लेव्हरकुझेनकडून केवळ ०-१ असा हरला. बार्सिलोनाचा दुसरा संघ २००७ मध्ये चौथ्या श्रेणीत घसरला, तेव्हा पेप ग्वार्दिओला यांच्याकडे तो सोपवण्यात आला. त्यांनी त्याला एका हंगामात वर आणले आणि त्या संघातील सर्जिओ बुस्केत्स व पेद्रो हे लवकरच पहिल्या संघाचे आधार बनले. नेदरलँड्सने २०१३ मध्ये आयाक्स, पीएसव्ही आणि ट्वेंटे यांच्या तरुण संघांना दुसऱ्या श्रेणीत घेतले आणि इटलीत २०१८ मध्ये युव्हेंटसचा २३ वर्षांखालील संघ तिसऱ्या श्रेणीत उतरला.

या संघांनाही एक छत आहे. एका ठरावीक श्रेणीच्या वर त्यांना प्रवेश नाही. कास्तिया १९८३-८४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत अव्वल ठरला, आयाक्सचा तरुण संघ २०१७-१८ मध्ये आणि बायर्न म्युनिकचा दुसरा संघ २०१९-२० मध्ये आपापल्या श्रेणीचे विजेते झाले, पण कुणालाच बढती मिळाली नाही. तरीही घसरण्याची शक्यता त्यांना सजग ठेवते आणि समोर पगारासाठी खेळणारे प्रौढ खेळाडू असतात. इंग्लंडमधील जुन्या शनिवारचे सर्वांत जवळचे रूप आज या संघांतच सापडते.

इंग्लंडमध्ये असे काही करण्याचा प्रस्ताव इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष ग्रेग डाइक यांच्या आयोगाने २०१४ मध्ये मांडला होता. मोठ्या क्लबांच्या दुसऱ्या संघांना सामावणारी नवी श्रेणी निर्माण करावी असे त्यात होते. खालच्या श्रेणीतील क्लबांनी आणि त्यांच्या समर्थकांनी त्याला कडाडून विरोध केला, कारण तिथे प्रत्येक गावाचा क्लब स्वतःच्या बळावर उभा असतो आणि बड्या क्लबच्या मुलांच्या सरावासाठी आपली स्पर्धा वापरली जावी हे त्यांना मान्य नव्हते. हा विरोध मला रास्त वाटतो. प्रस्ताव बारगळला, पण २०१६-१७ पासून खालच्या श्रेणींच्या चषक स्पर्धेत वरच्या दर्जाच्या अकादम्यांचे सोळा संघ घेण्यात आले आणि अनेक प्रेक्षकांनी त्या सामन्यांवर बहिष्कार टाकला. मुलांना प्रौढांविरुद्धचे खरे सामने मिळाले, पण ज्या स्टँडने त्यांची कसोटी पाहायची, ते बरेचदा रिकामेच राहिले.

प्रीमियर लीग २ ची मांडणी २०२३-२४ पासून पुन्हा बदलली. दोन विभाग जाऊन एकच गुणतक्ता आला आणि त्यातील वरचे सोळा संघ बाद फेरीत खेळू लागले. हरल्यास हंगाम तिथेच संपेल असा सामना या मुलांच्या स्पर्धेत जाणीवपूर्वक परत आणला गेला आहे.