डबल क्लिक

माऊसचे एकच बटण, पडद्यावरील दर्शक (माऊसबरोबर हलणारा बाण) जागचा न हलवता, लागोपाठ दोनदा चटकन दाबण्याच्या क्रियेस डबल क्लिक म्हणतात. ‘दुहेरी टिचकी’ हा मराठी पर्याय काही ठिकाणी वापरलेला आढळतो. बोलण्यात मात्र मूळ शब्दच रूढ आहे. डेस्कटॉप संगणकावरील आयकॉनवर डबल क्लिक करून प्रोग्राम किंवा फाईल उघडणे हा या क्रियेचा सर्वपरिचित उपयोग होय. मजकुरातील शब्द निवडणे हा दुसरा उपयोग असून कालक्रमाने तो बहुधा पहिला ठरतो.

माऊस प्रचारात येण्यापूर्वी प्रोग्राम ‘उघडला’ जात नसे, तर त्याचे नाव टंकित करून तो ‘चालवला’ जाई. एमएस-डॉस या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या, टंकित आज्ञांवर चालणाऱ्या प्रणालीत विस्तारनाम (फाईलच्या नावातील टिंबानंतरचा, तिचा प्रकार सांगणारा भाग) न देता केवळ नाव लिहून एंटर दाबल्यास, त्या नावाची आज्ञा डॉसमध्ये अंगभूत नसेल तर, चालू डिरेक्टरीत (फोल्डरमध्ये) प्रथम ‘कॉम’, मग ‘ईएक्सई’ आणि शेवटी ‘बॅट’ विस्तारनामाची फाईल शोधली जाई. नाव पाठ असणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी होती. मराठी बोलण्यात ‘प्रोग्राम रन करणे’ आणि ‘प्रोग्राम ओपन करणे’ हे दोन्ही प्रयोग आजही शेजारी शेजारी नांदतात. त्यांतील पहिला या जुन्या पद्धतीचा अवशेष मानता येईल.

डबल क्लिकच्या उगमाविषयी एकमत नाही. माऊसचे जनक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माऊसचे जे जाहीर प्रात्यक्षिक केले, त्यातील माऊसला तीन बटणे होती. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातील आल्टो (१९७३) या संगणकाचा माऊसही तीन बटणांचा होता. बटणे पुरेशी असताना एकाच बटणावर दोन अर्थ लादण्याची निकड भासत नाही. तरीही याच केंद्रात टिम मॉट आणि लॅरी टेस्लर यांनी १९७४-७५ च्या सुमारास जिप्सी हा मजकूर-संपादक तयार करताना शब्द निवडण्यासाठी दोनदा क्लिक करण्याची सोय केली. त्यामुळे एक पक्ष डबल क्लिकचे श्रेय मॉट किंवा टेस्लर यांना देतो. दुसरा पक्ष ते ॲपल कंपनीच्या लिसा या संगणकावर काम करणाऱ्या बिल ॲटकिन्सन यांना देतो. दोन्ही पक्ष एकाच गोष्टीविषयी बोलतात असे दिसत नाही. दोनदा दाबण्याची खूण आणि त्या खुणेला जोडलेला ‘उघड’ हा अर्थ वेगळे धरले, तर खूण झेरॉक्समध्ये आणि अर्थ ॲपलमध्ये स्थिरावला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. झेरॉक्सच्याच स्टार (१९८१) या संगणकाचे उदाहरण या मताला पुष्टी देते. स्टारवर आयकॉन होते आणि मजकुरात वारंवार क्लिक केल्यास अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद अशी निवड वाढत जाई. परंतु आयकॉन उघडण्यासाठी तो निवडून कळफलकावरील ‘ओपन’ ही स्वतंत्र कळ दाबावी लागे.

लिसा (जानेवारी १९८३, मूळ किंमत ९,९९५ डॉलर) आणि त्यामागोमाग मॅकिन्टॉश (जानेवारी १९८४) यांच्या माऊसला एकच बटण होते. एकबटनी माऊसचा आग्रह कोणाचा, याविषयी पुढे ॲपलमध्ये गेलेले टेस्लर आणि मॅकिन्टॉश प्रकल्प सुरू करणारे जेफ रस्किन ही दोन्ही नावे घेतली जातात. बटण एकच राहिल्यावर निवडणे आणि उघडणे यांत भेद करण्यास काळाचे अंतर हेच साधन उरले. ॲपलच्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र डबल क्लिकला आडवाटेचेच स्थान दिले: मेन्यूतील ‘ओपन’ ही मुख्य वाट, डबल क्लिक हा तिचा जवळचा रस्ता. पुढे जवळचा रस्ताच हमरस्ता झाला. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये पहिल्या आवृत्तीपासून (१९८५) फाईलच्या नावावर, आणि १९९० च्या तिसऱ्या आवृत्तीतील प्रोग्राम मॅनेजरमध्ये आयकॉनवर डबल क्लिक करून प्रोग्राम सुरू होई.

दोन क्लिक स्वतंत्र की जोडीचे, हे संगणक काळ आणि अंतर या दोन कसोट्यांवर ठरवतो. विंडोजमध्ये मूळ मर्यादा ५०० मिलिसेकंदांची असून ती वापरणाऱ्यास बदलता येते. दुसऱ्या दाबाच्या वेळी दर्शक पहिल्या दाबाच्या जागेभोवतालच्या चिमुकल्या चौकटीत, साधारणतः चार पिक्सेल रुंद आणि तितक्याच उंच, असावा लागतो. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. पहिला क्लिक होताच संगणक दुसऱ्याची वाट पाहत थांबत नाही. पहिल्याचे काम तो तत्काळ करतो. म्हणून डबल क्लिकचा अर्थ पहिल्या क्लिकच्या अर्थाला पुढे नेणारा असावा लागतो: आधी निवड, मग उघडणे. पहिल्या क्लिकने फाईल पुसली जात असती, तर दुसऱ्याला अर्थच उरला नसता. माऊसमधील सूक्ष्म स्विच झिजल्यास त्याचे संपर्कबिंदू एका दाबात दोनदा जुळतात आणि एकच क्लिक दोनदा नोंदला जातो. फाईल नुसती निवडायला जावे तर ती उघडते.

डबल क्लिकनंतरचे काम प्रणालीनुसार भिन्न असते. विंडोजमध्ये फाईलच्या विस्तारनामावरून रजिस्ट्रीत (विंडोजच्या मांडणीच्या नोंदवहीत) नोंदलेला प्रोग्राम शोधला जातो. जुन्या मॅकिन्टॉशमध्ये विस्तारनामाची गरज नव्हती. प्रत्येक फाईलबरोबर तिचा प्रकार आणि तिचा निर्माता प्रोग्राम दर्शविणारे चार-चार अक्षरांचे दोन संकेत साठवलेले असत. प्रोग्राम सापडल्यावर त्याची संपूर्ण फाईल एकदम स्मृतीत आणली जात नाही, तर ज्या भागाची गरज पडेल तो भाग त्या वेळी आणला जातो.

नवशिक्यांना ही क्रिया अवघड जाते. दोन दाबांमध्ये हात सरकला तर आयकॉन ओढला जातो. दुसरा दाब उशिरा, नेमका आयकॉनखालील नावावर पडला तर विंडोजमध्ये नाव बदलण्याची चौकट उघडते आणि पुढे दाबलेल्या कळा त्या चौकटीत उमटतात. अशा वेळी आयकॉन एकदा निवडून एंटर दाबणे सोपे पडते. मॅकवर मात्र तीच कळ नाव बदलण्याची चौकट उघडते, आणि फाईल उघडण्यासाठी कमांड व ‘ओ’ या कळा एकत्र दाबाव्या लागतात. उलट सवय लागल्यावर हात जेथे एका क्लिकने भागते तेथेही दोनदा दाबतो. विंडोज ९५ (ऑगस्ट १९९५) मधील स्टार्ट मेन्यू एका क्लिकवर चालतो, डेस्कटॉपवरील आयकॉन दोनवर. हा भेद कशासाठी, याचे समाधानकारक उत्तर शिकवणाऱ्याजवळही सहसा नसते.

वेबपानांवरील दुवे एका क्लिकने उघडू लागल्यावर फाईलींनाही तोच नियम लावण्याचे प्रयत्न झाले. विंडोज ९८ मध्ये तसा पर्याय होता, पण रुळला नाही. लिनक्सवर चालणाऱ्या केडीई या डेस्कटॉपने एक क्लिक हीच मूळ मांडणी दीर्घकाळ टिकवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या प्लाझ्मा ६ या आवृत्तीत ती बदलून डबल क्लिक करण्यात आली.