प्लॅन २०० चा, पिंगही ३०० चा

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की नागपुरातल्या घराघरांत एकच रड सुरू होते. प्लॅन २०० एमबीपीएसचा, स्पीड टेस्टमध्ये आकडाही पूर्ण येतो; पण गेममध्ये ऐन लढाईत पिंग ३०० वर जातो आणि आपला खेळाडू जागीच थिजतो. मग नेटवाल्याला फोन. तो म्हणतो, "भाऊ, आमच्याकडून लाइन ओके आहे." आणि पुष्कळदा तो खरंच बोलत असतो.

स्पीड म्हणजे सेकंदाला किती डेटा येतो ते; एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. पिंग म्हणजे डेटाचं एक छोटं पुडकं, म्हणजे पॅकेट, गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले ते. गेमची चित्रं, नकाशे आधीच डाउनलोड झालेले असतात. खेळताना 'मी इथे आहे, गोळी झाडली' एवढेच निरोप ये-जा करतात आणि त्यांना बहुतेक वेळा १ एमबीपीएसही भरपूर होतं. फक्त ते वेळेवर पोचले पाहिजेत. म्हणून लॅग आला, म्हणजे खेळ असा अडखळला, की महागडा प्लॅन घेणं हा मला सगळ्यात वाया जाणारा खर्च वाटतो.

पिंग किती असावा? समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. नागपूर-मुंबई फायबर तेवढीच लांब धरली, तर काचेतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावणारा प्रकाश ७ मिलिसेकंदांत जाऊन येतो. वाटेतल्या यंत्रांचा वेळ धरून मुंबईच्या सर्व्हरचा पिंग २०-३० आला तर तक्रारीला जागा नाही. गेममध्ये चुकून सिंगापूरचा सर्व्हर निवडला असेल, तर राऊटरला शिव्या घालून उपयोग नाही; अंतरच तेवढं आहे.

दोष घरातला की बाहेरचा, हे शोधायला पैसे लागत नाहीत. कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीतून राऊटरला पिंग करा (त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो), दुसरीतून बाहेरच्या ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर). विंडोजवर ping -t लिहून पुढे पत्ता टाका, म्हणजे पिंग थांबत नाही. दोन्ही चालू ठेवून गेम खेळा. राऊटरकडून उत्तर दोन-चार मिलिसेकंदांत यायला हवं. तेच मधूनमधून ८०, १५० असं उड्या मारत असेल, तर गडबड तुमच्या आणि राऊटरच्या मधल्या हवेत आहे. राऊटरचा आकडा शांत आणि बाहेरचा नाचतोय, तर दोष राऊटरमध्ये साचलेल्या पॅकेटांच्या रांगेचा किंवा पुढच्या लाइनीचा.

हवेतल्या गडबडीचं नागपुरी कारण म्हणजे कूलर. वायर खिडकीतून आत आली म्हणून राऊटर तिथेच ठोकलेला असतो आणि एप्रिलमध्ये नेमका त्याच्यासमोर कूलर येऊन बसतो. लोखंडी पत्र्याचा डबा, टाकीत पाणी, वाळ्याच्या ओल्या ताट्या. पत्रा वायफायच्या लहरी परतवतो, पाणी शोषून घेतं. पॅकेट बिघडलं की वायफाय ते पुन्हा पाठवतं, त्यामुळे ते हरवत नाही, उशिरा येतं. स्पीड टेस्टला हे फारसं जाणवत नाही. गेमला लगेच जाणवतं. त्यात २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे राऊटर, ब्लूटूथ इयरफोन आणि मायक्रोवेव्ह ओव्हन अशी सगळीच गर्दी. राऊटर हलवा, फोन ५ गिगाहर्ट्‌झवर न्या, आणि पीसी असेल तर सरळ लॅन केबल लावा. बऱ्याच राऊटरच्या माहितीपत्रकात कमाल तापमान ४० अंश दिलेलं असतं, हेही लक्षात ठेवा. मे महिन्यात बंद शोकेसमध्ये ठेवलेला राऊटर अडखळला, तर तो बिचारा काय करणार!

दुसरं कारण जास्त फसवं आहे. घरात कुणीतरी लग्नाचे व्हिडिओ क्लाऊडवर चढवायला लावले की पिंग चढतो, अपलोड संपलं की उतरतो. लाइनीत न मावणारी पॅकेटं राऊटर फेकून देण्याऐवजी साठवून ठेवतो. अपलोड १० एमबीपीएसचं आणि साठा १ मेगाबाइटचा (म्हणजे ८ मेगाबिटचा) धरा: तो रिकामा व्हायला ०.८ सेकंद, म्हणजे ८०० मिलिसेकंद. तुमचं चिमुकलं पॅकेट त्या सगळ्यांच्या मागे उभं. तर्री पोह्याच्या ठेल्यावर पुढच्याने पन्नास प्लेट पार्सल सांगितले आणि तुम्हाला एकच हवी, तसं. जिम गेटिस या अमेरिकी अभियंत्याने २०१० मध्ये स्वतःच्या घरच्या कनेक्शनवर हा घोळ पकडला. त्याला आता बफरब्लोट म्हणतात. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत मांडली. ती रांगेची लांबी मोजत नाही. पॅकेट किती वेळ ताटकळलं ते पाहते, आणि हा वेळ ५ मिलिसेकंदांच्या वर टिकून राहिला की पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला आवरायला लावते. पुढे एफक्यू-कोडेलने प्रत्येकाची वेगळी रांग केली, म्हणजे एक प्लेटवाल्याला मधेच प्लेट मिळते. राऊटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम (अशी रांग आवरणारी सोय) असं काही दिसलं तर चालू करा आणि मर्यादा मोजलेल्या स्पीडच्या ८५-९० टक्के ठेवा. थोडा स्पीड जाईल, जाऊ द्या. सोय नसेल तर क्लाऊडचं अपलोड रात्रीवर ढकला.

पिंग छान, पण मित्राच्या रूममध्ये जाता येत नाही, व्हॉइस चॅट लागत नाही, कन्सोल 'नॅट स्ट्रिक्ट' दाखवतो? मग भानगड पत्त्यांची आहे. इंटरनेटवरच्या यंत्रांना लागणारे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी, त्यामुळे घरातली सगळी यंत्रं एका पत्त्याआड लपतात. यालाच नॅट म्हणतात. नेट कंपनीने दिलेल्या डब्याला स्वतःचा राऊटर जोडला की हे दोनदा होतं. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राऊटरला बाहेरून मिळालेला पत्ता, पाहा. तो १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल, तर बहुधा दुहेरी नॅट आहे. कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो नॅट न करता लाइन नुसती पुढे देईल. १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकच पत्ता वाटलाय आणि तुमच्या राऊटरमध्ये कितीही पोर्ट (बाहेरून आत यायचे दरवाजे) उघडले तरी फरक पडणार नाही. तिथे कंपनीकडे पब्लिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा बाहेरचा पत्ता, मागावा लागतो. दोन्ही नसेल तर यूपीएनपी (गेमला हवे ते पोर्ट आपोआप उघडणारी सोय) चालू करून बघा. डीएमझेड, म्हणजे घरातलं एक यंत्र थेट बाहेर उघडं करणारी सेटिंग, चालू करायचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही, कारण त्या यंत्राचे सगळे दरवाजे बाहेरच्यांसाठी उघडे पडतात.